काय चिकटतं, काय नाही

डिसेंबरात इथे सकाळ होते ती फक्त घड्याळात.
नऊ वाजता खिडकीत काळोख, आणि आत
बारा मुलं, बारा लोहचुंबक,
लाल रंग अर्धा उडालेले,
या शाळेत माझ्याइतकेच मुरलेले.

दोन तबकं मांडली. एकावर लिहिलं चिकटतं,
दुसऱ्यावर नाही.
मुलं शिकारीला निघाली.
सिक्स्तेननं आधी दाराची बिजागरी पकडली,
मग हीटरची जाळी, मग माझा चष्मा.
तीरानं स्वतःचा हलणारा दात तपासला.
नाही.
सोन्याचा असता तरी नाही, मी म्हटलं.
तिला सोन्यात काही रस नव्हता.

तीरा आणि तूवा जुळ्या.
दोघींनी लाल टोकाला लाल टोक भिडवलं
तर मधल्या रिकाम्या जागेत
काहीतरी गुबगुबीत, न दिसणारं,
ठाण मांडून बसलेलं.
"ढकलतंय!"
सारखी टोकं एकमेकांना ढकलतात.
"सारखी असूनसुद्धा?"
सारखी म्हणूनच.
दोघींनी एकमेकींकडे पाहिलं
आणि खुर्च्या वीतभर लांब सरकवल्या.

फळ्यावर माझी यादी चालली होती:
लाकूड नाही. लोकर नाही. काच नाही. दगड नाही.
तेव्हा आन्ते उठला,
ऑगस्टपासून जो फार तर चाळीस शब्द बोलला असेल.
खिशातून काळा खडा काढला, सुपारीएवढा,
चुंबकासमोर धरला.
टक्.

"दगड आहे तो," सिक्स्तेन म्हणाला, जरा रागानंच.

दगडच आहे.
एकतीस वर्षं मी फळ्यावर दगड नाही असं लिहीत आले,
तेही या गावात,
जिथे पायाखाली मैलभर हाच काळा दगड,
ज्याच्यासाठी रात्री सव्वा वाजता सुरुंग उडतात
आणि कपाटातल्या बश्या झोपेत कुजबुजतात,
ज्याच्यापायी चर्च, टपाल कचेरी, माझं माहेरचं घर
चाकांवर चढून पूर्वेला गेलं.
बाहीनंच पुसलं.
'नाही' गेलं. 'दगड' राहिला.

"कुठे मिळाला रे?"
"आह्ची," तो म्हणाला. त्याच्या घरच्या भाषेत बाबा.
आह्ची खाणीत, कायमचे रात्रपाळीला.
हा घरी पोचतो तेव्हा ते निघायच्या घाईत,
हा निघतो तेव्हा ते झोपलेले.
ठेव की तबकात, मी म्हटलं.
त्यानं दोन्ही तबकं नीट पाहून घेतली
आणि खडा परत खिशात घातला.

आवरताना चुंबक मोजले. अकरा.
बाकांखाली वाकून पाहिलं, पुन्हा मोजले.
अकराच.
विचारलं नाही कुणाला.
विचारलं की उत्तर द्यावं लागतं,
आणि सहा वर्षांच्या उत्तराचं ओझं
मला घरी न्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर बारावा,
दोन्ही टोकांना बारीक काळी दाढी फुटलेली.
शेजारी आन्ते, हिशोब द्यायला आल्यासारखा.

"बुटाला चिकटतं. पुढे, अंगठ्यापाशी.
हेल्मेटला नाही.
पट्ट्याला फक्त बकलाच्या जागी.
बाहीला थोडं थोडं."
एवढं तो वर्षभरात बोलला नव्हता.
"आणि हाताला?"
"नाही."

मग बराच वेळ स्वतःच्या मोज्यांकडे बघत राहिला.
मोजे दोन रंगांचे होते.

"पण आह्चीनं झोपेतच मूठ मिटली.
माझं बोट आत होतं."

मी चुंबक डब्यात ठेवला, दाढी न पुसता.
बाहेर काळोख होता तसाच.
हजेरी घ्यायची राहिली होती,
ती घ्यायला लागले.