मणक्यात गॅप

रात्रीचे पावणेअकरा. उद्याचे छोले पातेल्यात भिजताहेत.
लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर, कारण बसून ऐकलं
की माझीच कंबर धरते.
मॉड्यूल सहा : रुग्णाशी बोलताना.
पडद्यावरची बाई हसून सांगते,
झीज म्हणू नका, सरकलीय म्हणू नका,
मणका म्हणजे लोणच्याची बरणी नव्हे
(बरणी माझी; ती दुसरंच काही म्हणाली).
खाली चौकोनांत आमची नावं :
नागपूरचे कुणी डॉ. बोकडे, सांगलीच्या दोन नर्स,
आणि मी, ऋजुता पेडामकर, फिजिओ,
म्युनिसिपल दवाखाना, मुलुंड.
कॅमेरा बंद, माइक बंद.

प्रश्न चौथा. कंबर धरलेल्या माणसाला काय सांगाल?
'अ' वाचला आणि माझंच अक्षर दिसलं :
वाकू नका. उचलू नका. जपा.

अकरा वर्षांपूर्वी दादू कोंडविलकर आला होता,
गॅसचे सिलिंडर पोचवायचा, चार-चार मजले, खांद्यावरून.
एमआरआय मेडिकलच्या पिशवीत.
पत्रिका दाखवावी तसा दोन्ही हातांनी पुढे केला.
"मॅडम, मणक्यात गॅप आहे म्हणतात."
बाहेर साठ माणसं, आत पंखा एक.
मी फिल्म उजेडाला धरली
आणि तीन मिनिटांत त्याचं भविष्य सांगून मोकळी झाले :
यापुढे पाच किलोच्या वर काही नाही.

त्यानं ऐकलं.
बाकीचे कुठे ऐकतात? त्यानं ऐकलं.

आता तो आमच्याच गल्लीत, सोसायटीच्या गेटवर,
युनिफॉर्मवरून पट्टा आवळून, प्लास्टिकच्या खुर्चीत.
बुटाच्या नाड्या बायको बांधून देते.
नात मांडीवर चढायला लागली
की हात वर करून बसतो, पकडलेल्या चोरासारखा.
मला पाहिलं की उठून सलाम ठोकतो,
दूधवाल्याला, कुरियरवाल्याला सांगतो,
"ह्या मॅडमनी वाचवलं.
तेव्हापासून एकदासुद्धा वाकलो नाही."

बाई म्हणते, दुखणं म्हणजे इजा नव्हे.
वहीत उतरवताना पेन अडलं.
आपल्याकडे दुखतं तेही दुखणं, आजार तोही दुखणंच.
माझी आई दुखणं काढायची, महिना-महिना,
कर्ज काढावं तसं, आणि फेडायची आम्ही सगळी.
एका शब्दात दोन बिऱ्हाडं, मध्ये नुसता पडदा.
कुणाचं सामान कुठलं,
हे दादूला मी कसं दाखवू?

'क' दाबलं. हिरवी खूण.
ऐंशी टक्के. प्रमाणपत्रही लगेच आलं :
श्रीमती रुजूता पेडणेकर.
कोण का असेना, पास झाली बिचारी.

सकाळी रजिस्टरवरचं पेन घरंगळून
त्याच्या खुर्चीखाली गेलं.
तो नेहमीसारखा गाडी धुणाऱ्या पोराला हाक मारायला लागला.
म्हटलं, थांबा कोंडविलकर.
पुढचं वाक्य आरशासमोर पाचदा म्हणून आले होते,
सोप्या शब्दांत, खालच्या आवाजात, डोळ्यांत बघून.
तो थांबला. बघत राहिला,
तेव्हा पिशवी पुढे करून उभा होता तसाच.
तोंडातून भलतंच निघालं :
"चुकलं होतं माझं."
हे चारही पर्यायांत नव्हतं.

पेन तिथेच, दोघांच्या मध्ये.
तो काहीच बोलला नाही.
फक्त पट्ट्यावर दोन्ही हात ठेवले घट्ट,
मी तो सोडवून नेईन की काय, असे.