परिच्छेद अकरा

पहिलं पत्र मीच लिहिलं होतं.
कारखान्याच्या दवाखान्यात एकतीस वर्षं कंपाउंडर,
अक्षर वळणदार, म्हणून ज्योत्स्ना म्हणाली,
दादा, आईबाबांबद्दल दोन शब्द लिहून द्या.
मी दोनावर थांबलो नाही.
लिहिलं, दिगंबरभाऊंना सकाळ-संध्याकाळ
इन्सुलिन मी देतो, सहा वर्षांत एक खाडा नाही;
वीज गेली की बाटली डब्यात घालून
माठात मीच सोडतो;
द्रौपदावहिनी गॅस उघडा विसरतात,
तर निजण्याआधी बटण बघायला मीच जातो.
लिहिलं, आणि खरं सांगायचं तर
बायकोला वाचूनही दाखवलं. दोनदा.

आता नकार आला आहे. सोळा पानं.
ज्योत्स्नाने लेस्टरहून फोनवर
मराठी करून सांगितला परिच्छेद अकरा:
अर्जदारांना श्री. नेहेते यांच्यासारखा
अनुभवी व विश्वासू शेजारी उपलब्ध आहे.
सबब त्यांची काळजी फैजपूर येथेच घेतली जाऊ शकते.

अनुभवी. विश्वासू. उपलब्ध.
उभ्या जन्मात कुठल्या सरकारने
माझ्याबद्दल इतकं चांगलं लिहिलं नव्हतं.
लिहिलं ते तिकडच्या,
आणि तेही दार लावताना.

बारात म्हणे, पगारी माणूस मिळू शकतो.
मिळाल्या होत्या. तिघी.
पहिलीला केळीच्या पॅकिंगवर रोज जास्त पडायचा.
दुसरीचं लग्न झालं.
तिसरीला वहिनींनी स्वतः हाकललं, चोर म्हणून,
तिच्याच हातचं जेवून झाल्यावर.

वकीलबाई म्हणतात, अपिलाला नवं प्रतिज्ञापत्र हवं.
मुदत अठ्ठावीस दिवस, त्यातले नऊ गेले.
श्री. नेहेते यांनी लिहावं की ते उपलब्ध नाहीत.
म्हणजे काय लिहू?
की मी कोणी नाही?
की भिंतीपलीकडचा खोकला
मला ऐकू येत नाही?

भाऊंनाच विचारलं.
ते ओट्यावर, पौषाच्या उन्हाकडे तोंड करून,
दिसत नसलेले डोळे मिटून.
म्हणाले, ‘मले तं कुठीच जायाचं नही रे यशवंता.
पण मी आधी गेलो,
तं हे घर कोनचं, ते तिले कोन सांगीन?’
मग बऱ्याच वेळाने,
‘तठी भरताचे वांगे भेटता का?’

रात्री लिहायला बसलो. तीन कागद फाडले.
चौथ्यावर खोटंच लिहायचं म्हणून पेन टेकवलं
आणि अक्षर बघून थांबलो.
वेलांटी ओळीबाहेर गेलेली,
ल तर ल राहिलाच नव्हता.
डाव्या हाताने उजवं मनगट धरलं तरी हात हलत होता.
दिवाळीपासून हलतो. घरात सांगितलेलं नाही.
सुई देताना भाऊंच्या पोटावर पंजा टेकून ठेवतो,
त्यांना वाटतं, माया.
मागच्या मंगळवारी
दहाऐवजी चौदा युनिट ओढले गेले.
पाहिलं, चार परत सोडले.
पाहिलं म्हणून.

तेच लिहिलं.
वय एकाहत्तर. हात कापतो. चौदा ओढले होते.
अनुभवी, हो. विश्वासू, ते तुम्ही ठरवा.
सावद्याचा नोटरी म्हणाला, काका, टाइप करून घेऊ,
हे वाचवत नाही.
म्हटलं, असंच जाऊ द्या.
घरी आलो आणि बायकोला सांगितलं.
ती म्हणाली, मला दिवाळीतच कळलं होतं.
चहाची बशी वाजायची तुमची.

निकालाला ज्योत्स्ना आठ महिने म्हणते,
वकीलबाई वर्ष.
तोवर बायको शिकते आहे.
रोज दुपारी स्वयंपाकघरात एक वांगं घेते,
चष्मा पुसते, साध्या पाण्याचे दहा मोजून ओढते,
अकरावा कधीच नाही,
आणि टोचते. हात दगडासारखा.

तिचं नाव मी
कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.