गॅप

पार्श्वभूमी पांढरी हवी, असं फॉर्मवर लिहिलं होतं.
नरसय्यामामाने कारखान्यातून सेकंडचा टॉवेल आणला,
दारावर दोन खिळ्यांत ताणला
आणि म्हणाला, हलू नको.
फोटोत माझ्या कानामागे
कुठल्याशा हॉटेलचं अर्धं नाव विणलेलं दिसतं.
चालेल का? सायबरवाला हसला,
पन्नास केबीत बसवल्यावर तूच नीट दिसणार नाहीस.

मातृभाषा. यादी खाली खाली सरकत राहिली.
तेवढ्यात आईचा फोन: तिन्नावा?
अजून नाही म्हटलं, आणि तेलुगू निवडलं.

मग गॅप सर्टिफिकेट.
कोर्टासमोर छत्रीखाली बसलेला टायपिस्ट
सगळ्यांसाठी एकच मजकूर ठेवून असतो:
'बारावीनंतर दोन वर्षे सदर अर्जदाराने
कोठेही प्रवेश घेतलेला नाही व काहीही केलेले नाही.'

काहीही.
अशोक चौकामागच्या पत्र्याखाली
दिवसाला दोनशे टॉवेलांच्या कडा,
मे महिन्यातसुद्धा, जेव्हा रस्त्यावरचं डांबर
चप्पल धरून ठेवतं.
एकदा कडेबरोबर नखही शिवलं गेलं.

खरं आहे ना, करा सही, तो म्हणाला.
आईला मराठी अडखळत वाचता येतं.
ती त्या एका शब्दावर बोट ठेवून थांबली.
हे काढा.
अहो मावशी, फॉरमॅट आहे.
काढा. शिवत होती, असं लिहा.

त्याने वीस रुपये जास्त घेतले
आणि कागद पुन्हा टाइप केला.

टॉवेल अजून दारावरच आहे.
मामा म्हणतो, यादी लागेपर्यंत राहू दे,
फोटो पुन्हा मागतात कधी कधी.