लेस

पिशवी दारात जमा केली, बिल्ला मिळाला: एकोणचाळीस.
पिशवीत दिघेवहिनींचा ब्लाउज,
हुक लावायचे राहिलेले.

दांडिया बाजारात सव्वीस वर्षं मशीन चालवते.
पोरं लहान असताना कमाटीबागेत आणायचे,
देवमाशाचा सांगाडा दाखवायचे आणि घरी.
चित्रांकडे कधी पाय वळले नाहीत.
गोऱ्या लोकांची आहेत, एवढं ऐकून होते.

आज एकटी गेले.

एक बाई. काळा झगा. गळ्याशी पांढरी लेस,
इतकी बारीक
की दारातूनच माझी बोटं सुई शोधू लागली.
कुठला टाका हा?
जवळ गेले.

टाका नव्हताच.
चुन्याचे असावेत तसे तीन फटकारे, एक ठिपका,
मधे काळा रंग नुसता सोडून दिलेला.

"बेन, आघां रहो," स्टुलावरून आवाज आला.
मागे सरकले. लेस परत आली.
पुढे, फटकारे.
मागे, लेस.
चारदा केलं असेल. तोवर तो पेंगायला लागला होता.

लबाडा, मी म्हटलं त्या रंगाऱ्याला,
माझ्या गिऱ्हाइकांच्या हाती लागायला हवा होतास,
सगळ्याजणी उलटं करून बघतात.

बाई तशीच बसून, मान ताठ.
तिला ठाऊक असणार,
हिला कुणी भिंतीवरून काढून उलटं करत नाही.

बिल्ला दिला, पिशवी घेतली.
बागेत बाकावर बसून चार हुक नीट लावले,
पाचवा एकाच टाक्यात.
मग हात लांब करून ब्लाउज धरला
आणि डोळे बारीक केले.