मंगळावरून येताना

माझी जागा डाव्या विंगेत, दुधाच्या क्रेटवर.
मांडीवर संहिता, हातात टॉर्च, खिशात पेपरमिंट.
एकवीस वर्षं मी इथे बसून
दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजत आले.
न्यूझीलंडच्या पार तळाशी, डनमोर फ्लॅटमध्ये
मला सगळे ओळखतात.
माझा आवाज मात्र कुणी ऐकलेला नाही.

यंदा फर्गसने मंगळ काढला.
फर्गस गुरांचा डॉक्टर, आता निवृत्त.
वडिलांच्या पेटीत त्याला एक जुनी कादंबरी सापडली,
कव्हर गेलेली,
शेवटची पानं उंदरांनी नेलेली.
तिच्यात राजधानी जळते, पूल कोसळतात, सैन्य पळतं.
आमच्याकडे राजधानी नाही, पूल एकच,
आणि सैन्य म्हणजे नोएलीनचा नातू,
तोही गुरुवारी रग्बीला.
शेवट काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं,
म्हणून फर्गस म्हणाला, विनोदी करू.

यान म्हणजे दुधाची जुनी टाकी.
किरणांची बंदूक म्हणजे हेअर ड्रायर, तोंडाला लाल जिलेटीन.
आठ हात म्हणजे धारयंत्राच्या रबरी नळ्या,
कितीही धुतल्या तरी आंबूस.
आणि मंगळवासी जेरिको,
मॅक्लीनच्या गोठ्यावर पहाटे साडेतीनला
सहाशे गायींच्या धारा काढणारा,
फिलिपिन्सचा.
टाकीत तोच मावतो, म्हणून निवडला, असं फर्गस म्हणाला.
दोनदा म्हणाला.

जेरिको नवा होता तेव्हा हॉलमध्ये जेवण होतं.
दारावर पाटी: येताना प्लेट आणा.
आमच्यात त्याचा अर्थ, काहीतरी करून आणा.
तो कोरी प्लेट घेऊन आला, घासून लख्ख केलेली,
आणि इतरांच्या हातातले सॉसेज रोल,
पावलोवा बघत दारातच थांबला.
आम्ही हसलो. वाईट नव्हतं ते हसणं.
चांगलंही नव्हतं.
मी ती प्लेट त्याच्या हातातून घेतली आणि धुऊन टाकली.
स्वच्छच होती.

शनिवारी प्रयोग. ऑगस्टची हाडं गोठवणारी थंडी,
त्र्याऐंशी खुर्च्या, मागे लोकरीच्या गाठोड्यांवर पोरं.
टाकीचं झाकण उघडेना.
तिपेनेने बाहेरून लाथ घातली,
चर्चची घंटा झाली तशी वाजली ती,
आणि आठ हात लोंबत जेरिको उभा राहिला.
महापौर झालेल्या नोएलीनने विचारलं,
"हे परग्रहवासी, काय हवंय तुला?"

इथे त्याचं वाक्य: तुमचा विनाश.
दोन शब्द.
जेरिको गप्प.
मी कुजबुजले, विनाश.
टॉर्च हलवला. पुन्हा, वि-ना-श.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
ऐकलं होतं त्याने, मी शपथेवर सांगेन.
मग लोकांकडे वळून म्हणाला,
"राहायचंय. कागद ऑक्टोबरपर्यंतचे आहेत."

कुणी खोकलंसुद्धा नाही.
मी पानं उलटली, पुढची, मागची.
मला ती उंदरांनी नेलेलीच हवी होती.

तेवढ्यात मागच्या रांगेतून मॅक्लीन,
जो नाटकाला येत नाही, आणि आलाच तर झोपतो,
ओरडला,
"मग येताना प्लेट आणायची!"

जेरिकोने टाकीत हात घातला, नववा, खरा,
आणि ती वर काढली.
पांढरी. कोरी.
म्हणजे ती पहिल्यापासून आत होती.

मग जे हसू फुटलं, त्याने छपराचे पत्रे वाजले.
नोएलीन बंदूक विसरली.
युद्ध राहूनच गेलं.
मी विंगेतून बाहेर आले, उजेडात, चपलांसकट,
आणि खिशात होतं ते प्लेटमध्ये ठेवलं:
एक पेपरमिंट, कागदात गुंडाळलेलं.

रविवारी पहाटे साडेतीनला
मॅक्लीनच्या गोठ्यात दिवा लागला.
सहाशे गायी रांगेत.
आठ नळ्या कमी.
त्या अजून विंगेतल्या खुंटीवर होत्या.