लेबलाचा मजकूर

अक्कलकोट रोडला, टॉवेल बंद करून
आता ऑपरेशनचे झगे शिवतात त्या शेडमध्ये
मी लेबलं तपासते, ओळीला चार रुपये.
मराठी माझी, कन्नड आजोळची, तेलुगू चाळीतली.

परवा छापून आलं : ‘वांझ झगा. एकदाच वापरावा.’
कॉम्प्युटरचं भाषांतर, निळी शाई, पाच हजार प्रती.
पॅकिंगच्या पोरी हसून हसून टेबलावर आडव्या.
नरसूबाई येमूल हसल्या नाहीत.
बॉबिन बदलली
आणि बाही जोडत राहिल्या.

कन्नडचा कागद पाहिला : बंजे.
तेलुगूचा : गोड्रालु.
मराठी कानाला आधी गोड ऐकू येतं, मग कळतं.
कोशात एकाच नोंदीत
स्वल्पविराम घालून शेजारी बसवलेत
जिच्यात काही वाढलं नाही ती बाई
आणि ज्यावर काही वाढू नये ते कापड.

‘निर्जंतुक’ लिहिलं. बरोबर होतं,
फिनेलसारखं बरोबर.
“आमच्यात मडी म्हणत्यात की ओ,” नरसूबाई म्हणाल्या.
मडी. आजोळीही मडीच. आमच्या घरात सोवळं.
पेन्सिल तिथेच थांबली.
चाळीतल्या डोहाळजेवणांना
कुणाचं दार वगळून बोलावणं पुढे जायचं,
मी लहान होते, पण बोलावणं मीच करत होते.

मग कव्हर.
गादीला खोळ, उशीला अभ्रा,
तंबोऱ्याला गवसणी, बैलाला झूल.
माझ्या भाषेने वस्तूंना किती मायेने गुंडाळलंय!
आणि माणसासाठी ‘संरक्षक आवरण’,
तहसील कचेरीतून आल्यासारखं.

“तुम्ही काय लिहिलं असतं?”
त्यांनी दाताने दोरा तोडला.
(अजून गॅसची खोली पुढे होती.)
“इंका एवरू मुट्टलेदु.”
मी मराठीत उतरवलं, मोठ्याने वाचलं :
‘अजून कुणी शिवलेलं नाही.’

तेव्हा त्या हसल्या, मशीनवर डोकं टेकवून,
“मग सकाळधरनं मी काय करायले?”

लेबल निर्जंतुकच गेलं, बारीक टाइपात.
खोडलेल्या ओळीचे चार रुपये
मालकाने धरले नाहीत.