तीन नंबरचा सापळा

निळं कापड, काळं कापड, वर जाळीचा शंकू,
शंकूच्या टोकाला पाण्याची रिकामी बाटली, उलटी.
असे तीन शिवले मी इतवारीतून कापड आणून,
कॉलेजच्या स्टोअरमधल्या मशीनवर,
जिचं पायडल मध्येच रुसतं.

पहिल्याखाली डबा : दहा दिवस मुरवलेलं म्हशीचं मूत.
दुसऱ्याखाली तेच, शिवाय एक कुपी.
डॉक्टर घोंगे म्हणतात, जनावराच्या श्वासात असतं हे,
महाग आहे, बूच घट्ट लाव.
तिसऱ्याखाली काही नाही.
तिसरा नुसता उभा,
बाकीचे दोघे खरं बोलतात का ते ताडायला.

फुटाळ्याच्या मागे कवडू येसनसुरेंचा गोठा,
बावीस म्हशी, शिंगं मागे खांद्यापर्यंत गेलेली,
बावीस शेपट्या, एकही क्षणभर थांबलेली नाही.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कवडूचा नातू
घसा बसेपर्यंत ओरडला होता मारबतीमागे,
माश्यासुद्धा घेऊन जा म्हणून.
मारबत गेली, जळली.
माश्या ओल्या कुटारात अंडी घालत राहिल्या.

"मॅडम, ह्या डब्याचा वास कसा वं साहता तुमी?"
कवडू विचारतो, गमछा नाकाला.
सवय, म्हणते मी.
सांगत नाही की दोन वर्षांपूर्वी एक ताप आला
आणि जाताना वास घेऊन गेला.
तेव्हापासून संत्र्याची साल म्हणजे
डोळ्यात झोंबणारी एक गोष्ट, एवढंच.
दूध करपलेलं मला लेक सांगते.

माशीला नाक नाही.
सूक्ष्मदर्शकाखाली दोन आखूड शिंगं, प्रत्येकावर एक पीस.
वास तिथे धाग्यासारखा येत नाही,
चिंध्या चिंध्या होऊन येतो वाऱ्यावर.
चिंधी लागली की ती वाऱ्याला तोंड देऊन पुढे.
हरवली की आडवी :
डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे,
पुढची चिंधी लागेपर्यंत.
हे वाचलं त्या रात्री मी
स्वयंपाकघरात एकेक डबा उघडून
बराच वेळ उभी होते.

संध्याकाळी बाटल्या फ्रीजरमध्ये, सकाळी चिमट्याने मोजणी.
पहिला एकोणतीस. दुसरा एकशे सात. तिसरा चार.
पहिला चौतीस. दुसरा अठ्ठ्याण्णव. तिसरा दोन.
मग एका शुक्रवारी
तिसरा : त्रेसष्ट.

पुन्हा मोजल्या. त्रेसष्ट.
घोंगे सरांनी चष्मा काढला, पुसला,
वारा बदलला का, कुपी सांडली का,
कुणी सापळे इकडचे तिकडे केले का?
मी गाडी काढली.

तिसऱ्याच्या बांबूला माझा स्कार्फ.
गाडीवर तोंडाला बांधते तो,
बुधवारी गाठ मारून विसरलेला,
आत दोन वर्षांचा घाम, गोठा, श्वास.

म्हणजे हे असं आहे तर.
म्हणून लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्याचे देशमुख
जिन्याने जातो म्हणतात.
म्हणून लेक आताशा माझी उशी घेत नाही.
कुणी एका शब्दाने बोललं नाही,
आणि त्रेसष्ट माद्या-नर वाऱ्याला तोंड देऊन
सरळ माझ्याकडे आले,
बावीस खऱ्या म्हशी सोडून.

लाज वाटली. मग, कुणाला सांगू नये असं,
थोडं बरंही वाटलं.

"तो आकडा खोड," सर म्हणाले.
खोडला. एकाच रेघेने,
खालचं वाचता येईल असा.

स्कार्फ घरी आणून धुतला, दोनदा, गरम पाण्यात.
लेकीने नाकाशी धरला.
"अजून येते."
काय येतं, मी विचारलं. नेमकं सांग.
तिने डोळे मिटले,
म्हणाली, गरम... नाही, गरम नाही...
ओलं पोतं... नाही...
मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे,
शब्द काही लागेना.